कोल्ड ब्लू घरी लावून बघायचं असेल तर : ऑक्सफो-ब्लू, पर्मा ब्लू आणि त्याआधीची साफसफाई

सरळ सांगतो, कोल्ड ब्लू, म्हणजे बंदुकीच्या लोखंडाला घरच्या घरी, न उकळवता काळपट निळा रंग देणारं रसायन, हे डागडुजीचं औषध आहे. अख्खी बंदूक कारखान्यातून आत्ताच आली असं वाटायला लावेल ही आशा ठेवून बाटली घेतली तर पैसे पाण्यात गेले असंच वाटणार. पण नळीच्या तोंडाजवळ घासून पांढरं पडलेलं लोखंड, ट्रिगर गार्डवर जिथे कायम हात लागतो तिथला उडालेला रंग, नवीन टाकलेला एखादा स्क्रू जो बाकीच्या काळ्या अंगावर एकटाच चमकतोय, अशा कामांना याच्याइतकं सोपं आणि पटकन होणारं दुसरं काही मला तरी सापडलेलं नाही. मी मुख्यतः ब्राउनेल्स कंपनीचं ऑक्सफो-ब्लू वापरतो, क्रीमवालं, आणि जोडीला बर्चवूड केसीचं पर्मा ब्लू पेस्ट ठेवतो, दोन्ही माझ्या आवडीची आहेत आणि दोघांची कामं वेगळी आहेत, म्हणून हा रिव्ह्यू दोघांचा मिळून लिहितोय. आणि मधेमधे साफसफाईबद्दल खूप बोलणार आहे, कारण निम्म्याहून जास्त रिझल्ट तिथे ठरतो, बाटलीत नाही.

आधी बाटलीत काय आहे ते समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. कारखान्यात जे हॉट ब्लूइंग करतात त्यात कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटचे क्षार पाण्यात घालून साधारण १३५ ते १५५ अंश सेल्सियसपर्यंत उकळवतात आणि त्यात भाग बुडवून ठेवतात, मग लोखंडाचा वरचा पातळ थरच बदलून काळा ऑक्साइड होतो, मॅग्नेटाइट म्हणतात त्याला. म्हणजे तो रंग लोखंडातूनच तयार झालेला असतो, म्हणून टिकतो. कोल्ड ब्लूमध्ये असं काही होत नाही. यात सेलेनियमचं आम्ल, तांब्याचा क्षार आणि जोडीला एखादं ॲसिड असतं, ऑक्सफोमध्ये ते फॉस्फोरिक आहे. लोखंडावर लावलं की वरचं लोखंड थोडं विरघळतं, त्या जागी तांबं येऊन बसतं, आणि ते सेलेनियमबरोबर मिळून काळपट निळा थर होतो, कॉपर सेलेनाइडचा. थोडक्यात हा वरून बसवलेला थर आहे, खूप पातळ. त्यामुळे तो घासला की जातो, आणि गंजापासून वाचवायची त्याची स्वतःची ताकद फार कमी. ही गोष्ट विकणारे सांगत नाहीत, लेबलवर तर "कायमचा निळा" असलं काहीतरी मोठ्या अक्षरात असतं, आणि मग लोक लावून मोकळे होतात, तेल लावत नाहीत, आणि पावसाळी हवेत आठवडाभरात तांबूस गंज दिसला की कंपनीला शिव्या घालतात.

आता साफसफाई. माझं ठाम मत आहे की ज्याला इथे कंटाळा येतो त्याने कोल्ड ब्लूच्या नादी लागू नये. पहिलं म्हणजे बंदूक रिकामी आहे ना हे बघायचं, डोळ्यांनी पण आणि बोट घालून पण, मग जो भाग करायचा तो पूर्ण सुटा करायचा. लाकडी दस्ता तर काढायचाच, कारण तेल काढायला जे ॲसिटोन वापरणार त्याचा एक थेंब उडाला तरी लाकडावरचं पॉलिश उठतं, प्लास्टिकचे भाग पण खराब होतात. नळीच्या दोन्ही तोंडांना लाकडाची खुंटी किंवा बूच घट्ट बसवायचं, आत एक थेंबही जायला नको, नळीच्या आत आणि चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागी, ब्लू लावायचं काही कारणच नाही.

जुना रंग फक्त थोडासा उडालेला असेल तर तो आजूबाजूचा काढत बसू नका, त्यालाच सांधून घ्या. पण डाग डाग झालेत, खाली गंज आहे, तर मग त्या भागापुरतं सगळं काढून एकसारखं करावं लागतं. त्यासाठी फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट रिमूव्हर मिळतं, आणि साधं पांढरं व्हिनेगर पण जुनं ब्लूइंग खाऊन टाकतं, जरा वेळ लागतो इतकंच. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन ॲसिडचा जोर मारायचा, नाहीतर भाग सुकतासुकताच त्याच्यावर पिवळा गंज चढतो. स्प्रिंगा मात्र कधीही ॲसिडात टाकू नका. कडक केलेलं स्टील ॲसिडात राहिलं की त्यात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होऊ शकतं आणि नेमकी चालताना स्प्रिंग तुटते.

पॉलिश पेपरचं सांगायचं तर, नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक, २२० ने सुरुवात फक्त खड्डे असतील तरच, नाहीतर ३२० आणि मग ४००, बास. खूप जण हजार-दोन हजार नंबरपर्यंत जाऊन आरसा करतात, हॉट ब्लूला ते छान दिसतं पण कोल्ड ब्लूला इतक्या गुळगुळीत अंगावर धरायला काही मिळत नाही, रंग फिका बसतो आणि पुसताना निघतो. घासायचं नळीच्या लांबीच्या दिशेने, सपाट भागावर पेपरच्या मागे लाकडाचा ठोकळा धरून. नुसत्या बोटाने घासलं की कडा गोल होतात आणि स्क्रूच्या भोकांच्या तोंडाशी खळगा पडतो, ते एकदा झालं की परत नीट करता येत नाही. आणि सिरियल नंबर, कंपनीची अक्षरं, टेस्टिंगचे शिक्के यांच्या आसपास पेपर अजिबात नको. नंबर पुसणं हा बऱ्याच देशांत गुन्हा आहे, तिथे हाताने फक्त स्टील वूल, तेही हलक्या हाताने.

मग तेल काढायचं. इथे मला सगळ्यात जास्त जीव तोडून सांगायचंय. लोखंड डोळ्याला कोरडं दिसतं पण कोरडं नसतं. ॲसिटोनने स्वच्छ पांढऱ्या सुती फडक्यावर पुसायचं, फडकं काळं येतंय तोपर्यंत बदलत राहायचं, हातात नायट्राइलचे ग्लोव्हज घातल्याशिवाय भागाला स्पर्श नाही, कारण बोटाचा ठसा जसाच्या तसा रंगात उमटतो, अक्षरशः रेषांसकट. खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि जवळपास कुठेही आग, शेगडी, सिगारेट नको, ॲसिटोनची वाफ लांबून पेट घेते. तपासायची सोपी पद्धत म्हणजे भागावर स्वच्छ पाणी ओता आणि तिरपं धरून बघा. पाणी सलग चादरीसारखं पसरून खाली सरकलं तर लोखंड साफ आहे. कुठे थेंब थेंब होऊन पाणी फाटलं, मधेच कोरडी जागा उघडी पडली, तर तिथे तेल आहे, परत पुसा. ही टेस्ट पास झाल्याशिवाय मी बाटलीचं झाकण उघडत नाही.

एक जागा मात्र ही टेस्टपण पकडत नाही. फ्रंट साइट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, जिथे खाचेत बसवलेली असते ती खाच, आणि स्क्रूची भोकं. यांच्या आत वर्षानुवर्षांचं तेल मुरलेलं असतं. वरून सगळं चकाचक असतं, आपण भाग कोमट करतो, ब्लू लावतो, आणि बघता बघता खाचेच्या कडेतून तेलाची बारीक ओली रेघ बाहेर झिरपते आणि रंगाला तिथून मागे ढकलते, साइटभोवती एक पांढरी चौकट उरते. उपाय एकच, ब्लू लावायच्या आधी त्या जागी हेअर ड्रायर जास्त वेळ मारायचा, आतलं तेल बाहेर काढायचं, पुसायचं, परत गरम करायचं, परत पुसायचं. काही वाहायचं थांबलं की मग पुढे. वेळखाऊ आहे, मान्य, पण याला शॉर्टकट नाही.

ऑक्सफो-ब्लूचं वैशिष्ट्य असं सांगितलं जातं की हलक्या तेलकट लोखंडावरही ते चालतं, आणि ते बऱ्यापैकी खरं आहे, बाकीचे ब्लू जिथे हात टेकतात तिथे हे धरतं. पण त्या भरवशावर साफसफाई टाळू नका. साफ अंगावर याचा रंग वेगळाच येतो, गडद आणि एकसारखा, तेलकटावर धरतो पण ढगाळ.

लावायचं कसं ते सांगतो. भाग ड्रायरने कोमट करायचा, हाताला गरम लागेल पण चटका बसणार नाही इतका. थंडगार लोखंडावर रंग आळशासारखा येतो. बाटलीतलं थोडं औषध छोट्या प्लास्टिकच्या वाटीत काढून घ्यायचं, वापरलेला बोळा परत बाटलीत कधीच बुडवायचा नाही, त्याच्यावर आलेलं लोखंड आणि घाण आत गेली की अख्खी बाटली हळूहळू मरते. उरलेलं वाटीतलं औषधही परत ओतायचं नाही. स्वच्छ कापडाच्या घडीवर क्रीम घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता ओढायचं, थांबलं तिथे काठ दिसतो.

आणि मग ते जे काही होतं ते बघायला मला अजूनही तितकंच आवडतं. घासलेलं राखाडी लोखंड, त्यावरून ओलं कापड गेलं की मागोमाग आधी एक तांबूस झाक येते, क्षणभर वाटतं हे तर पितळेसारखं झालं, आणि मग ती झाक डोळ्यासमोर तपकिरी, मग जांभळट, मग काळपट निळी होत जाते. या टप्प्यात घाबरून परत परत ओलं औषध ओतायचं नाही. ऑक्सफो चोळून लावायचं असतं, नुसतं फासून ठेवायचं नसतं, थोडा जोर लावून चोळलं की रंग आत गेल्यासारखा घट्ट बसतो. मिनिटभराने पुसायचं, पृष्ठभाग बघायचा, मग ०००० नंबरच्या स्टील वूलने हलकं घासायचं. हे स्टील वूल पण आधी ॲसिटोनमध्ये पिळून सुकवून घ्या, नवीन पुडक्यातल्या वूलला गंजू नये म्हणून तेल लावलेलं असतं आणि आपण तासभर काढलेलं तेल तेच परत लावून ठेवतं. घासल्यावर रंग फिका पडतो, वाईट वाटून घेऊ नका, सैल बसलेला थर निघून जातो आणि खालचा धरलेला राहतो. त्याच्यावर दुसरा हात, मग तिसरा. प्रत्येक हाताला रंगाला खोली येते आणि एक वेळ अशी येते की अजून लावून फरक पडत नाही, तिथे थांबायचं.

थांबल्यावर सोड्याचं पाणी, मग साधं पाणी, शक्यतो डिस्टिल्ड, कारण नळाच्या पाण्यातले क्षार आणि क्लोरीन डाग सोडतात. लगेच ड्रायरने सुकवायचं आणि लगेच तेल, सढळ हाताने. तेल लावून रात्रभर तसंच ठेवायचं, पुसायचं नाही. दुसऱ्या दिवशी बघितलं तर रंग आदल्या संध्याकाळपेक्षा गडद वाटतो, तेल मुरल्याने तसं दिसतं, पण काही का असेना, दिसतं छान.

पर्मा ब्लू पेस्टची गोष्ट वेगळी. ते जेलसारखं घट्ट आहे, वाहत नाही, त्यामुळे उभ्या भागावर, स्क्रूच्या डोक्याच्या खाचेत, ट्रिगर गार्डच्या आतल्या वळणावर जिथे लिक्विड लावलं की ओघळ येतात आणि ओघळांचे पट्टे पडतात, तिथे पेस्टला तोड नाही. टूथपिकला कापूस गुंडाळून नेमक्या जागी ठेवायचं आणि वाट बघायची. रंग झटपट येतो आणि सुरुवातीला ऑक्सफोपेक्षा जास्त निळसर, जुन्या ब्लूइंगच्या शेजारी चांगलं जुळून जातं. सतत हात लागणाऱ्या जागी मात्र मी ऑक्सफोच धरतो, माझ्या वापरात घासायला ते जास्त टिकलंय. म्हणजे दिसण्यासाठी पेस्ट, टिकण्यासाठी ऑक्सफो, असा माझा हिशोब आहे. त्याच बर्चवूड केसीचं सुपर ब्लू पण येतं, ते जास्त स्ट्राँग, निकेल आणि क्रोमियम जास्त असलेल्या स्टीलसाठी. साधं ब्लू एखाद्या भागावर नुसतं मळकट राखाडी होऊन थांबत असेल तर स्टील तसलं असायची शक्यता मोठी, तिथे सुपर ब्लू घ्या.

स्टेनलेसवर यातलं काही चालणार नाही. ॲल्युमिनियमवर पण नाही, त्याला वेगळं ॲल्युमिनियम ब्लॅक येतं, आणि पितळेला वेगळं ब्रास ब्लॅक. छर्र्याच्या बंदुकांमध्ये बरेच भाग जस्ताच्या मिश्रधातूचे ओतलेले असतात, ते काळ्या रंगाने रंगवलेले असल्याने लोखंडासारखे दिसतात, त्यांना कोल्ड ब्लू लावलं तर चिखलासारखा थर येतो आणि बोटाने निघतो. म्हणून आधी चुंबक लावून बघा. चुंबक धरला म्हणजे ब्लू घेईलच असं नाही पण धरलाच नाही तर बाटली बाजूला ठेवा. वरून कडक केलेले भाग, म्हणजे हॅमर, ट्रिगर, काही रिसीव्हर (नळी जिथे बसते तो बंदुकीचा मधला सांगाडा), हे पण रंग घ्यायला फार नखरे करतात, ठिगळं ठिगळं होतात. आणि ज्या जुन्या बंदुकांच्या रिसीव्हरवर ते रंगीबेरंगी ढग असतात, निळे-तपकिरी, केस हार्डनिंगचे, त्याला कृपा करून हात लावू नका. ते एकदा गेलं की गेलं.

एका बाटलीबद्दल तक्रार आहे, नाव घेत नाही. लेबलवर लिहिलेलं की सगळ्या धातूंना चालतं, तेल काढायची गरज नाही, एकाच हातात गडद काळं. लावल्यावर झालं असं की तांब्याची झाक आली आणि तिथेच थांबली, पुढे काळं होतच नाही, दुसऱ्या हाताला अजून तांबं. तीच लोखंडी पट्टी, त्याच साफसफाईवर दुसऱ्या टोकाला ऑक्सफो लावलं तर व्यवस्थित काळंनिळं. अंदाज असा की त्यात तांब्याचा क्षार भरपूर आणि सेलेनियम नावाला. नवीन बाटली कुठलीही असो, आधी टाकाऊ लोखंडाच्या तुकड्यावर लावून बघा, अर्ध्या तासाचं काम आहे, आणि तो तुकडा तेल लावून चार-आठ दिवस तसाच ठेवून मग निर्णय घ्या.

टिकण्याबद्दल प्रामाणिकपणे सांगायचं तर हे जागेवर अवलंबून आहे. नळीच्या वरच्या बाजूला, जिथे फक्त कापडाचा हात फिरतो, तिथे मी लावलेलं अजून तसंच आहे. कव्हरमध्ये सारखं आतबाहेर होणाऱ्या तोंडाच्या कडेवर मात्र थोड्या महिन्यांत परत चमक दिसायला लागते, आणि परत एक हात मारावा लागतो. मला त्यात काही वावगं वाटत नाही, पाच-दहा मिनिटांचं काम आहे. पण गंजाच्या बाबतीत गाफील राहू नका. या थरात तांबं आहे, आणि तांबं-लोखंड शेजारी आले आणि ओलावा मिळाला की लोखंडच आधी गंजतं. म्हणून तेलाचं फडकं नियमित फिरलंच पाहिजे, आणि दमट हवेत राहत असाल तर तेल पुसून त्यावर कार्नोबा वॅक्सचा पातळ हात द्या, पाणी थेंब होऊन घसरून जातं. पहिले दोन-तीन आठवडे मधूनमधून भिंगातून बघा, खाचांमध्ये आणि अक्षरांच्या आत राहिलेलं औषध तिथून हिरवट किंवा तांबूस पूड बाहेर काढतं. दिसलं तर सोड्याच्या पाण्याने मऊ ब्रश मारून परत तेल.

पूर्ण नळी नव्याने करायची असेल तर माझं मत आहे कोल्ड ब्लूने करू नका. होते, करणारे करतात, पण मोठ्या अंगावर एका जागचा रंग दुसऱ्या जागेशी जुळवता जुळवता नाकी नऊ येतात आणि उन्हात धरलं की पट्टे दिसतात. त्यापेक्षा स्लो रस्ट ब्लूइंग शिका. त्यात मुद्दाम बारीक गंज चढवतात, मग भाग उकळत्या पाण्यात ठेवतात, लाल गंजाचा काळा ऑक्साइड होतो, मऊ तारेच्या ब्रशने वरची काळी पूड झाडतात, आणि हे चक्र परत परत. वेळ लागतो, पण तो खरा मॅग्नेटाइटचा थर आहे. डबल बॅरलवाल्यांनी तर हे नक्की लक्षात ठेवा की दोन नळ्या आणि मधल्या पट्ट्या बहुतेक वेळा मऊ सोल्डरने जोडलेल्या असतात, हॉट ब्लूइंगचा कॉस्टिक हौद ते सोल्डर खातो आणि क्षार पट्टीच्या आत अडकून पुढे वर्षानुवर्षं आतून गंज काढतो. कोणी स्वस्तात हॉट ब्लू करून देतो म्हणाला तर आधी हा प्रश्न विचारा. तिथे रस्ट ब्लूच, आणि छोट्या डागांना कोल्ड.

आजोबा-पणजोबांकडून आलेली, किंवा संग्रहात ठेवण्यासारखी जुनी बंदूक असेल तर काहीच लावू नका. तिच्या अंगावरचा झिजलेला मूळ रंगच तिची किंमत आहे, जाणकार माणूस नव्याने फासलेला रंग लगेच ओळखतो, कोल्ड ब्लूला तर कोमट हातात धरलं की एक विशिष्ट धातूचा वासही येतो. अशा बंदुकीला फक्त तेल आणि वॅक्स.

आता जे सगळ्यात महत्त्वाचं, आणि बाटलीवर एवढ्याश्या अक्षरात असतं. सेलेनियमचं आम्ल हे खरोखरचं विष आहे. गन ब्लूइंगचं औषध पोटात गेल्याने माणसं दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत, आणि थोडंसंही पुरेसं असतं. म्हणून स्वयंपाकघरातली वाटी, चमचा, कप काहीही यासाठी वापरायचं नाही, वापरलेलं परत आत न्यायचं नाही. बाटली कुलपात, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी, आणि दुसऱ्या कुठल्या बाटलीत ओतून तर कधीच ठेवायची नाही, निळं पाणी बघून कोणीही सरबत समजेल. काम करताना ग्लोव्हज, चष्मा, खेळती हवा, आणि काम चालू असताना खाणंपिणं बंद. त्वचेवर पडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. चुकून पोटात गेलं तर लक्षणांची वाट न बघता बाटली हातात घेऊन थेट हॉस्पिटल.

ऑक्सफो-ब्लू क्रीमला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला कारण चोळायला हात दुखतो आणि खूप अरुंद खाचेत क्रीम नीट पोचत नाही. पर्मा ब्लू पेस्टला चार, छोट्या कामात उत्तम, मोठ्या सपाट भागावर मात्र एकसारखं पसरवणं अवघड. दोन्हीतलं एकच घ्यायचं असेल आणि काम मुख्यतः झिजलेल्या कडा, बोल्ट, लिव्हर यांचं असेल तर डोळे झाकून ऑक्सफो. फक्त स्क्रूची डोकी आणि ओरखडे असतील तर पेस्टची छोटी ट्यूब पुरते, वर्षभर संपत नाही.

बाटली घेताना एक बघा, आत तळाशी गाळ बसलाय का आणि झाकण चिकटलेलं आहे का. उघडून खूप दिवस झालेलं औषध कमजोर पडलेलं असू शकतं, रंग येतो पण फिका. घरी आणल्यावर उन्हापासून लांब, झाकण घट्ट, आणि बंदुकीच्या कपाटात तर अजिबात नको, वाफेने बाजूच्या लोखंडावर गंज चढतो. वापरलेले बोळे, फडकी, वाटीतलं उरलेलं औषध हे मोरीत किंवा गटारात सोडू नका, सेलेनियम आणि तांबं दोन्ही पाण्यातल्या जिवांना घातक आहेत. मी सगळं एका झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात साठवतो, वरती मोठ्या अक्षरात विष असं लिहिलेलं, आणि डबा भरला की घातक कचरा जिथे घेतात तिथे देऊन येतो. ॲसिटोनची फडकी वेगळी, ती आधी बाहेर मोकळ्या हवेत पसरून पूर्ण सुकवायची, मगच टाकायची.